गलबताच्या प्रतिकृतीची डागडुजी: दोर, वल्ही, शीड आणि बाकीचे बारीक काम

माझ्या मामांच्या दापोलीजवळच्या घरी काचेच्या कपाटात मराठा आरमारातल्या गलबताची एक लाकडी प्रतिकृती होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा सांगाडा शाबूत होता, पण बारीकसारीक सगळेच मोडले होते. सात वल्ही गायब, मोठे शीड कडेला फाटलेले, दोर लोंबलेले, तोफांवर पांढरी भुकटी, आणि डोलकाठी कोणीतरी काटकोनात सरळ उभी करून चिकटवलेली. ती नीट करायला मला एक अख्खा हिवाळा लागला. त्या कामातून हाताला जे कळले ते इथे क्रमाने मांडतो. तुमच्याकडे गलबताऐवजी मचवा किंवा पडाव असेल तरी यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे आहे. नौकेवरच्या प्रत्येक दोराला, खुंटीला आणि कप्पीला काहीतरी काम असते. ते काम कळले की दोर कुठून निघून कुठे जायला हवा, किती जाड हवा आणि किती ताणलेला हवा, हे आपोआप ठरते. ते न कळता चिकटवलेली नौका स्वच्छ आणि चकचकीत झाली तरी खोटी दिसते.

आधी नौका ओळखा

गलबत ही गुराबेची, म्हणजे त्या काळच्या मोठ्या लढाऊ जहाजाची, धाकटी बहीण. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत त्याची रचना बरीच नेमकी दिली आहे. मोठ्यात मोठे गलबतही सहसा 70 टनांच्या वर जात नसे. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची अगदी किरकोळ. पुढच्या मोठ्या काठीवर एकच तिकोनी शीड, पण एवढे मोठे की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. वजन कमी राहावे म्हणून अनेक गलबतांचा वरचा तक्ता (डेक) चिरलेल्या बांबूचा असे, आणि त्यांच्यावर फक्त खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा असत. मोठ्या गलबतांना पक्का तक्ता आणि 2 ते 4 पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. वल्ही 40 ते 50, आणि ती मारून ताशी सुमारे 4 मैल वेग मिळे. 1756 साली विजयदुर्ग पडला तेव्हा आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. त्यामुळे ही वर्णने, त्या काळची चित्रे आणि किनाऱ्यावर अलीकडेपर्यंत चाललेली शिडाच्या नौकांची परंपरा हाच आपला आधार.

आता मोजपट्टी घ्या. माझी प्रतिकृती नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत 42 सेंमी आहे. 1:50 प्रमाण धरले तर खरी नौका 21 मीटरची होते, म्हणून मी तेच प्रमाण धरले. या प्रमाणात माणूस जेमतेम 33 मिमी उंच. 50 मिमी जाडीचा दोर म्हणजे 1 मिमीचा धागा आणि 25 मिमीचा दोर म्हणजे अर्ध्या मिमीचा. 4 पौंडी तोफेचे तोंड साधारण 80 मिमी असते, म्हणजे प्रतिकृतीत भोक 1.6 मिमी. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवून ठेवा. बाजारातल्या आणि घरगुती प्रतिकृतींत सगळ्यांत जास्त दिसणारा दोष म्हणजे जाड दोरा, आणि तो फक्त या आकड्यांमुळे टळतो.

फोटो, बैठक, सफाई

काहीही सोडवण्याआधी चारही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. सुटलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत घालून वर लिहा. नौकेसाठी दोन आडव्या फळ्यांची बैठक करा, खाचेत जुनी मऊ चादर लावा. नौका हातात धरून काम केले की एक तुकडा जोडताना दोन मोडतात, हे अनुभवाने सांगतो.

धूळ मऊ कुंचल्याने झटकून छोट्या व्हॅक्युमच्या नळीकडे ढकला. नळीच्या तोंडावर पातळ कापड बांधा म्हणजे सुटलेली कप्पी आत जाणार नाही. चिकट मळासाठी कापसाचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओला करून फिरवा. त्याने निघाला नाही तर बोळा थुंकीने ओला करून पाहा. संग्रहालयांत ही पद्धत आजही वापरतात, कारण लाळेतली पाचक द्रव्ये मळाचा चिकटपणा सोडवतात. नंतर त्या जागेवरून साध्या पाण्याचा बोळा फिरवा.

स्पिरिट मात्र जपून. आधी तळाशी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. तो चिकट झाला आणि तांबूस रंग आला तर वर लाखेचे पॉलिश आहे. मग स्पिरिट त्या नौकेपासून लांबच ठेवा.

कोणता डिंक कुठे

लाकडाला लाकूड जोडायला पांढरा फेव्हिकॉल. तो कोमट पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो, त्यामुळे उद्या चूक कळली तर जोड उघडता येतो. अराल्डाइट फक्त धातू आणि लाकूड जोडताना, आणि तेही जिथे भार येतो तिथेच, कारण ते पुन्हा नीट सुटत नाही. फेविक्विकने माझे सगळ्यांत जास्त नुकसान केले आहे. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक बसते, आणि दोरा कडक होऊन वर्षा-दोन वर्षांत त्याच जागी तुटतो. मी ते फक्त दोऱ्याचे टोक ताठ करण्यासाठी वापरतो.

सांगाड्यावरचे टवके

खोल टवका असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवा, लाकडाची पुटी भरू नका. सागाचे रेषे 1:50 प्रमाणात फार जाड दिसतात, म्हणून संपूर्ण नव्याने करायच्या भागांसाठी मी हेदू किंवा शिवण वापरतो. हेदू बारीक पोताचे आहे आणि दोन्ही कापायला सोपी आहेत. लहान खड्ड्यांसाठी त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा, सुकल्यावर 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

रंग फक्त गेलेल्या जागेतच भरा. शेजारच्या जुन्या रंगावर कुंचला नेलात की ठिगळ दिसते. पाण्याच्या रेषेखालचा भाग पांढरट का, असे अनेकजण विचारतात. किनाऱ्यावर नौकेच्या तळाला चुना आणि चरबीचे मिश्रण फासत, किड्यांपासून लाकूड वाचावे म्हणून. त्यामुळे तिथे दुधी पांढरा रंग द्या, आणि तो एकसारखा न देता वरच्या कडेला थोडा विरळ ठेवा. वरच्या फळ्यांना माशाचे तेल पिऊन आलेला काळपट तपकिरी रंग. कुठेही चकाकी नको, मॅट व्हार्निशच हवे. रंगात चिमूटभर पांढरा मिसळा. एवढी छोटी वस्तू आपण लांबून पाहिल्यासारखी पाहतो, आणि लांबचा रंग नेहमी फिका दिसतो.

बांबूचा तक्ता

माझ्या गलबताचा मागचा तक्ता एका कोपऱ्यात दबून मोडला होता. हे काम कठीण नाही, पण वेळखाऊ आहे. बिनमसाल्याच्या अगरबत्तीच्या काड्या घ्या, बाजारात त्या गठ्ठ्याने मिळतात. काडी साधारण 1.3 मिमीची असते. तक्त्याची खरी कामटी 4 सेंमीची धरली तर आपल्याला 0.8 मिमी हवी. सोनार तार बारीक करायला जी भोकांची पोलादी पट्टी वापरतात, त्या जंतरातून काडी ओढत न्या. आधी 1.2 च्या भोकातून, मग 1.0, मग 0.8. एकदम शेवटच्या भोकात घालाल तर काडी चिरते. काडीचे टोक आधी पेन्सिलीसारखे तासून घ्या आणि भोकात एकाच दिशेने ओढा.

मग काडी ब्लेडने उभी चिरून दोन अर्ध्या करा. सपाट बाजू खाली, गोल बाजू वर. मोडलेल्या जागेखाली पातळ कागद चिकटवून त्यावर कामट्या एकीला एक चिकटवून मांडा. जुन्या कामट्यांच्या टोकांशी नव्यांचे जोड एका सरळ रेषेत येऊ देऊ नका, मागे-पुढे ठेवा. नव्या बांबूचा पिवळा रंग डोळ्यांत खुपतो, म्हणून पाण्यात खूप पातळ केलेला तपकिरी ॲक्रिलिक रंग दोनदा फिरवा. जुन्या तक्त्याच्या रंगाशी जुळवताना दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून पाहा. बल्बखाली जुळलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो.

डोलकाठी आणि परबाण

ज्याने आधी दुरुस्ती केली त्याने काठी सरळ उभी केली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या या जातीच्या नौकांची मोठी डोलकाठी नाळेकडे झुकलेली असते. परबाण, म्हणजे शीड बांधलेला तो लांब आडवा दांडा, काठीपासून थोडा सुटा लोंबावा म्हणून हा झुकाव. जुना जोड कोमट पाण्याच्या बोळ्याने दहा-दहा मिनिटांनी ओला करत राहिलो, तासाभरात काठी सुटली. मग पुठ्ठ्याचा कोन कापून तो शेजारी धरला आणि काठी पुन्हा बसवली.

मोडलेली काठी नुसती टोकाला टोक लावून चिकटवू नका. दोन्ही तुकड्यांत 0.8 मिमीचे भोक पाडून आत पितळी तारेची खुंटी घाला. भोक मधोमध यावे म्हणून आधी सुईने खूण करा. परबाण मोडले असेल तर काम सोपे आहे. खरे परबाणही अनेकदा दोन वाशांचे असे, वाशे एकमेकांवर चढवून दोराने घट्ट आवळलेले. तुम्हीही मोडीच्या जागी तासलेले दोन भाग एकमेकांवर ठेवा, डिंक लावा आणि वरून धाग्याचे जवळजवळ वेढे घ्या. दुरुस्ती झाकावी लागत नाही, ती खऱ्यासारखीच दिसते.

दोर

इथे घाई करू नका. मी या एका भागावर तीन आठवडे घालवले.

रंगापासून सुरू करू. युरोपी जहाजांच्या किटबरोबर काळा दोरा येतो, कारण तिकडे उभे दोर डांबरात बुडवत. आपल्या किनाऱ्यावर काथ्याचे दोर असत, म्हणून इथे तांबूस तपकिरी धागा हवा. पांढरा धागा आणून रंगवायचा असेल तर चहात बुडवू नका. चहाचा आंबटपणा काही वर्षांत धागा कुजवतो. पातळ ॲक्रिलिक रंगात बुडवून टांगून वाळवा.

सुती धाग्याला लव असते. मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून तो तीनदा ओढा, मग बोटांत धरून दिव्याच्या ज्योतीपासून बोटभर लांबून पटकन न्या. मेण आत मुरते आणि लव बसते. पॉलिस्टरच्या धाग्याला लव कमी असते आणि तो दमट हवेत फारसा बदलत नाही, म्हणून कोकणात ठेवायच्या नौकेसाठी मी आता तोच घेतो.

कप्प्या जुन्याच वाचवता आल्या तर उत्तम. नव्या करायच्या तर हेदूची 4 मिमी रुंद, 2.5 मिमी जाड पट्टी घ्या. ती खऱ्या 20 सेंमीच्या कप्पीएवढी होते. पट्टी अखंड असतानाच अर्ध्या मिमीची भोके पाडा, कडेने धागा बसेल अशी खाच कानशीने घ्या, कोपरे गोल करा, आणि सगळ्यांत शेवटी एकेक कप्पी कापून काढा. आधी कापली की ती चिमट्यातून उडते आणि सापडत नाही.

आता दोरांचे मार्ग. पहिला दोर परबाण वर ओढणारा. तो काठीच्या टोकाशी असलेल्या कप्पीतून मागे खाली येतो, आणि त्याचा मागचा भाग काठीला मागून आधारही देतो. म्हणून हा सगळ्यांत जाड, साधारण 0.8 मिमी. दुसरा परबाण काठीला धरून ठेवणारा वेढा, तो थोडा सैल हवा, कारण परबाण वर-खाली सरकले पाहिजे. तिसरा परबाणाच्या खालच्या टोकापासून नाळेकडे जाणारा. चौथा शिडाच्या मागच्या खालच्या टोकाचा, जो खलाशी हातात धरून शीड आवळत किंवा सोडत. तो 0.4 मिमी पुरे. परबाणाच्या वरच्या टोकाला मागे खेचणारे एक-दोन बारीक दोर असतात. काठीच्या बाजूचे आधारदोर कायमचे नसत. वारा ज्या बाजूने येई त्या बाजूला ते बांधत, म्हणून दोन्हीकडे सारखेच ताणलेले दाखवू नका. वाऱ्याकडचे ताठ, दुसरीकडचे जरा सैल.

काम आतून बाहेर आणि खालून वर करा. धाग्याचे टोक फेविक्विकच्या थेंबात बुडवा, कडक झाले की तिरके कापा, मग ते सुईसारखे कप्पीतून जाते. गाठ मारून लगेच चिकटवू नका. प्रत्येक दोराच्या मोकळ्या टोकाला कपड्यांचा छोटा चिमटा टांगा आणि तसेच रात्रभर ठेवा. सगळे दोर एकमेकांना ओढत स्थिर होतात. सकाळी एकाही दोरामुळे काठी वाकलेली नाही हे पाहा आणि मगच गाठींवर निम्म्या पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल टोचणीने लावा. सुती धागा पावसाळ्यात आवळतो. जानेवारीत तारेसारखा ताणलेला दोर जुलैत डोलकाठी वाकवतो, म्हणून हाताला जाणवेल एवढा ढिलेपणा ठेवाच.

खुंटीला बांधलेल्या दोराची उरलेली गुंडाळी खरी दिसायची तर ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबली पाहिजे. आपला धागा हलका, तो फुलून उभा राहतो. थर्माकोलमध्ये दोन टाचण्या टोचून त्यांच्याभोवती गुंडाळी करा, पातळ फेव्हिकॉलने ओली करा, अर्धवट सुकताच टाचण्या काढून बोटाने खाली दाबा, मग खुंटीवर टांगा.

शीड

जुने शीड जमेल तर वाचवा. फाटलेल्या जागी मागून पातळ टिश्यू पेपर लावायचा आणि डिंकाऐवजी खळ वापरायची. मैद्याचा गोळा पाण्यात धुवा, खाली बसलेले पांढरे सत्त्व घ्या, एका भागाला पाच भाग पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. अगदी कमी लावा, जास्त खळ कसरीला बोलावते. उद्या ओल्या बोळ्याने हे ठिगळ कापडाला धक्का न लावता निघते.

नवे शीड करायचे तर घरात मिळेल तेवढी बारीक मलमल घ्या. मागावरच्या कापडाचा पन्हा मर्यादित असतो, म्हणून खरे शीड पट्टे जोडून शिवलेले असे. मऊ पेन्सिलीने 12 मिमी अंतरावर मागच्या कडेला समांतर रेषा काढा. शिलाई मशीनचे टाके या प्रमाणात दोरखंडासारखे दिसतात, ते टाळा. कापड जाडसर वाटले तर शीड परबाणाला गुंडाळलेले दाखवा, पण पूर्ण कापड गुंडाळू नका. उंचीचा एक तृतीयांशच भाग ठेवा, नाहीतर गुंडाळी उशीसारखी फुगते.

फुगलेले शीड हवे असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा उथळ साचा करून त्यावर दहापट पाण्यातल्या फेव्हिकॉलने ओले कापड सुकवा. निशाणही त्याच दिशेला उडू द्या. वाऱ्याने फुगलेल्या शिडाच्या उलट दिशेला निशाण फडफडलेले अनेक प्रतिकृतींत दिसते, आणि जाणत्याची नजर तिथेच अडते.

तोफा आणि वल्ही

तोफांवरची पांढरी भुकटी म्हणजे शिशाला लागलेली कीड. प्लायवूड, एमडीएफ आणि काही लाकडांतून आंबट वाफ निघते, बंद काचेत ती साठते आणि शिसे खाते. ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, हातमोजे घाला, ओल्या कागदाने टिपून पिशवीत बंद करा. फार खाल्लेल्या तोफा बदलाव्यात. पितळेच्या तोफा लेथवर करून घेता येतात. तोंडाचे भोक 1.6 मिमी, लक्षात आहे ना.

वल्ह्यांसाठी अगरबत्तीची काडी जशीच्या तशी चालते. खऱ्या दांड्याची 65 मिमी जाडी तिच्यात आपोआप येते. पाते अर्ध्या मिमीच्या विनीअरचे, दांड्याच्या टोकाला खाच पाडून त्यात बसवलेले. सात हवी असतील तर दहा करा आणि सगळ्यांत सारखी सात निवडा. लांबी एक यावी म्हणून फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्येच प्रत्येक वल्हे कापा. बसवताना सगळ्यांचा कोन एक हवा. एकाच वेळी चाळीस जण एका तालात वल्ही मारत, एक जरी वल्हे वेगळ्या कोनात गेले तर ती लय मोडते. सुकेपर्यंत खालून खाचा पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी लावून ठेवा.

काचेच्या पेटीत

पेटीचा तळ प्लायवूडचा असेल तर त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल पसरा. सांधे भरायला व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन वापरू नका, तीच आंबट वाफ शिशाला पुन्हा लागते. मागच्या बाजूला वर आणि खाली दोन-दोन भोके ठेवून त्यांना बारीक जाळी लावा, म्हणजे हवा खेळते आणि कसर आत येत नाही. थेट उन्हात पेटी ठेवू नका. श्रावणात एकदा उघडून दोरांचा ताण पाहा, आणि लाकडाजवळ ताजी पिवळी भुकटी पडलेली दिसली तर तो भुंगा समजा.

उरलेला धागा, दोन-तीन जास्तीच्या कप्प्या, रंगाचे प्रमाण आणि कुठे काय बदलले याची एका पानाची नोंद पाकिटात घालून बैठकीखाली चिकटवून ठेवा. माझ्या पाकिटात मामांच्या वेळचा जुना पांढरा दोराही आहे.